लेकीच्या बदल्यात लेक

"परदेशातल्या शाळेत वर्षभर शिकायचं, अन् तेबी जवळपास फुकटात?" उदगीरच्या मोंढ्यात आडतीवर बसलेल्या बसवंतअप्पांना नातीचं म्हणणं पटेना.

"हाव, आज्जा. मी जर्मनीत लेनाच्या घरी ऱ्हायचं, लेनानं आपल्या," शिवकन्या म्हणाली.

"म्हंजी साटंलोटं! न्हाई बाई. त्यात इकडच्या लेकीला तरास झाला की तिकडचीचेबी हाल होतात."

"मंग तिला लई सुखात ठेवा की. माझी काळजीच मिटली."

अप्पांनी फॉर्मवर सही केली.

त्या वर्षी नळाला पंधरा दिवसांनी पाणी यायचं. तरी लेनाला अंघोळीला रोज भरलेली बादली मिळायची. अप्पा स्वतः तांब्याभर पाण्यानं अंग पुसायचे. आठवड्याभरात लेनाच्या ते ध्यानात आलं. त्या दिवसापासून ती अर्धी बादली त्यांच्यासाठी राखू लागली.

वर्ष सरलं. शिवकन्या आनंदात परत आली. लेनाला निरोप द्यायला सगळं घर स्टेशनावर गेलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून अप्पा म्हणाले, "पंचमीला माहेरी यायचं, लेकी. तुला आणायला मुराळी धाडतो."

शिवकन्या टुणकन उडाली. "आज्जा, मुराळी मीच!"