चाखणारं माणूस

नांदेडात ईद दोन दिवसांवर आली होती. दिलशादनं ओव्हनमधून जिऱ्याच्या खाऱ्या बिस्किटांचा पहिला ट्रे काढला आणि ती सवयीनं आतल्या खोलीकडं वळली. खोली रिकामी होती. तिचा रोजा असायचा, म्हणून मीठ तिचा नवरा दस्तगीर बघायचा. साखरेच्या आजारामुळं त्याला रोजे झेपत नव्हते. पावसाळ्यात तो वारला. लेकी सासरी होत्या. मग एक बिस्कीट बशीत घेऊन तिनं समोरच्या जगदेवीबाईंचं दार वाजवलं. “रोजा हाय माझा. जरा चाखून सांगता का, मीठ बरोबर हाय का?” जगदेवीबाईंनी सावकाश चावून पाहिलं. “मीठ बरोबर हाय. पण जिरं लई झालंय, दिलशादभाभी.” दिलशादच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “माझं बोलणं लागलं का?” जगदेवीबाईंनी विचारलं. “न्हाई. ते गेल्यापासून माझ्या हाताला नाव ठेवणारं कुणी उरलंच नव्हतं.”