ओल धरणारी गाडी

चार दिवसांत तिसऱ्यांदा बोनेट उघडताना तिलेकला स्वतःचाच राग आला. काराकोल गावातल्या सगळ्या जुन्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि ही एक दाद देत नव्हती. सरोवरावरचं धुकं हलायला तयार नव्हतं. सकाळ झाली की गाडी बंद.

"नारीनला जायचंय मला. भाऊ वाट बघतोय," स्टिअरिंगवर बसलेले म्हातारे सतिबाल्दी अता म्हणाले.

"आज पाठवतोच तुम्हाला. मारा सेल्फ!"

इंजिन नुसतंच घरघरलं. प्लगवर ठिणगी नव्हती. कॉइलची वायर काढून बघितली, तिथं मात्र निळीशार ठिणगी कडाडली. म्हणजे वाटेतच कुठेतरी चोरी होत होती.

अतांची बायको, बुरुल अपा, चहा घेऊन आली. "मेकॅनिक आहेस की पाहुणा? रोज चहा पितोस, गाडी जागच्या जागी!"

"आज शेवटचा चहा, अपा."

त्यानं प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून उजेडात धरलं. केसाएवढी चीर. "सापडली! बाहेरची ओल हिच्यात शिरते आणि ठिणगी इथूनच पळ काढते."

त्यानं नवं झाकण बसवलं, वायरी बदलल्या, वरून रबरी टोप्या चढवल्या. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. अतांनी त्याच्या गालाचा मुका घेतला आणि कोट आणायला लगबगीनं घरात गेले.

"आता वरून बादली ओतली तरी अडायची नाही," तिलेक हात पुसत म्हणाला.

अपाचा चेहरा उतरला.

"बंद कर ती. ते बाहेर यायच्या आत जुनं झाकण बसव."

"अगं अपा, पण त्यांचा भाऊ..."

"भाऊ वारून अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात असेच त्याला भेटायला निघाले. दोन दिवसांनी खिंडीत सापडले. स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं." तिनं दाराकडे बघितलं. "किल्ली काढून घेतली, तर लहान मुलासारखे रडले. गाडी बिघडलीय म्हटलं की ऐकतात."

"पण धुकं ओसरल्यावर काय करणार होतीस?"

"धुक्याचं काय घेऊन बसलास, बाळा? रोज पहाटे उठून त्या झाकणावर पाणी मीच मारते."