गाडीचं पाणी

पोखर्णीहून परभणीला निघालेली सूर्यभानची जीप रेल्वे फाटकापाशी थांबली आणि जीपमधला गारवाही थांबला.

गारवा सूर्यभानने स्वतः बसवला होता. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, टपावर पाण्याचा डबा, आणि डब्यातून पडद्यांवर सोडलेल्या सलाईनच्या नळ्या. नळीचं चाक फिरवलं की थेंब पडायचे. गाडी पळाली की वारा ओल्या वाळ्यातून गार होऊन आत यायचा. पेट्रोल जास्तीचं लागत नसे. गाडी थांबता कामा नये, एवढी एकच अट होती, आणि ती रेल्वेला कुणी कळवली नव्हती.

मागच्या बाकावर सरजाबाई पडल्या होत्या. त्यांना सकाळी शेतात ऊन लागलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं. उशाशी मुलगा व्यंकटराव, हातात तांब्या. घरून आणलेलं पाणी मघाशी गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा सांडलं होतं. तांब्या मात्र त्यांनी अजून सरळ धरला होता.

"पाणी," सरजाबाई पुटपुटल्या.

"टपावर डबा भरलेला हाय," सूर्यभान म्हणाला. "आमच्या बौद्धवाड्यातल्या हापशाचं हाय. पाजा."

"ते गाडीचं पाणी हाय."

"गाडी कुठं पिती, व्यंकटराव? पडदा पितो."

"आईनं सत्तर वर्षं तुमच्याकडचं पाणी घेतलं न्हाई. सुद्धीवर आल्यावर मला इचारील."

"आन न्हाई आल्या तर?"

व्यंकटरावांनी तांब्या कलता करून तळाशी थेंब उरलाय का पाहिलं.

"हवा बी त्याच पाण्यातून यायलीय की," सूर्यभान म्हणाला.

"हवेला काय नसतं," व्यंकटराव म्हणाले. हा विचार त्यांनी जीपमध्ये बसण्याआधीच करून ठेवला होता. गावात दुसरी गाडी नव्हती.

मालगाडी आली, अर्धी फाटकातून गेली आणि थांबली.

सूर्यभान खाली उतरला. खांद्यावरचं उपरणं काढून तो बाहेरून पडद्याला वारा घालू लागला. फाटकवाला बराच वेळ बघत होता.

"गाडीला ऊन लागलं का रं?"

"गाडी बरी हाय," सूर्यभान म्हणाला, आणि वारा घालत राहिला.

आत सरजाबाईंनी डोळे न उघडताच मान वळवली. हाताने चाचपत पडदा धरला, तोंडाशी ओढला आणि ओला वाळा चोखू लागल्या. लहान लेकरासारखा आवाज यायला लागला.

व्यंकटरावांनी पाहिलं. मग ते मालगाडीचे डबे मोजू लागले. जेवढे दिसत होते तेवढे मोजून झाले, तेव्हा त्यांनी तिकडेच बघत हात लांब केला आणि नळीचं चाक पूर्ण सोडलं.

"सूर्यभान," ते म्हणाले, "पडदा लय लवकर वाळायलाय."

पडद्यावरून पाण्याची धार सरजाबाईंच्या हनुवटीवर आली होती.