दोष कुठे आढळला

तिसऱ्यांदा पाणी फरशीवर आलं. थोरले डॉक्टर बूट वाचवत मागे सरकले आणि म्हणाले, "लिहा. वापरणारा धसमुसळा आहे."

उपकरण पास की नापास हे ठरवायला आलेल्या चाचणीबाईंनी तसं लिहिलं नाही. त्यांच्या तक्त्यावर 'दोष कुठे आढळला' असा प्रश्न होता आणि त्यापुढे तीन चौकोन: उपकरण, वापरणारा, इतर. त्यांनी मधल्या चौकोनात खूण केली. बावीस वर्षांच्या नोकरीत 'इतर'वर खूण करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"पण साहेब, खूण कुठेही केली तरी नापास उपकरणच होतं," त्या म्हणाल्या.

टेबलावर सिलिकॉनची महाधमनी आडवी पडली होती, मध्येच फुगलेली. पंप तिच्यातून कोमट लाल पाणी ठोक्याठोक्याने ढकलत होता. फुग्याला मुद्दाम एक भोक ठेवलेलं होतं. मांडीच्या बाजूने बारीक नळी आत सरकवायची, एका हाताने ती जागच्या जागी धरायची आणि दुसऱ्या हाताने टोकाची चावी फिरवायची. मग आत घडी घातलेलं जाळीचं अस्तर उघडतं आणि भोक झाकलं जातं. पोट फाडावं लागत नाही. मात्र चावी फिरवताना नळी केसभर हलली तरी अस्तर तिरकं बसतं, आणि माणसाच्या पोटात रक्ताने जे केलं असतं ते इथे पाणी करतं.

उपकरण थोरल्या डॉक्टरांचं होतं. त्यापायी अकरा वर्षं गेली होती. मोठं ऑपरेशन झेपणार नाही म्हणून त्यांनी कितीतरी म्हाताऱ्यांना घरी परत पाठवलं होतं, आणि त्यांतले बरेचसे त्यांना चेहऱ्यानिशी आठवत. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. आज पास झालं, तर माणसांवर वापरायची परवानगी मागता येणार होती. नापास झालं, तर उपकरण कपाटात जाणार होतं. आधीच्या वीसच्या वीस चाचण्या त्यांनी स्वतः केल्या होत्या आणि एक थेंब सांडला नव्हता.

मग चाचणीबाईंनी नियम काढला होता. शेवटचे पाच प्रयत्न विभागातल्या सगळ्यांत कच्च्या हाताने करायचे, आणि त्यांतले अखेरचे दोन कोरडे हवेत.

"माझे वीस बघितलेत ना?" थोरल्या डॉक्टरांनी विचारलं होतं.

"बघितले. पण साहेब, खोक्यात उपकरणाबरोबर तुम्ही येणार नाही."

सगळ्यांत कच्चा हात कोणाचा, यावर विभागात कधी नव्हे ते एकमत झालं. थोरल्यांच्या मुलाचा. तोही डॉक्टरच, चाळिशीला आलेला, पण शेवटचे टाके घालण्यापलीकडे वडील त्याला कशाला हात लावू देत नसत. सगळे त्याला टाकेडॉक्टर म्हणत, तोंडावरसुद्धा. तो हसायचा. वडिलांची त्याला भीती वाटायची आणि वडील त्याला मनापासून आवडायचेही.

"याचं लहानपणापासून हे असंच," थोरले डॉक्टर म्हणाले. "अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी रोज समोर बसून गिरवून घेतलं, म्हणून निदान सही तरी येते."

"सॉरी, सर," मुलगा म्हणाला. कामावर तो वडिलांना सरच म्हणायचा. तो फरशी पुसायला वाकला. त्याचा खांदा टेबलाला लागला आणि पाण्याचं तापमान बघायचा काचेचा थर्मामीटर घरंगळत कडेवरून सुटला. त्याने मान वर न करता तो डाव्या हाताच्या दोन बोटांत झेलला, टेबलावर ठेवला आणि पुसणं चालू ठेवलं.

चाचणीबाईंचा जन्म लोकांचे हात बघण्यात गेला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही लहानपणी डावखुरे होता का हो?"

"होतो. तिसरीपर्यंत," मुलगा म्हणाला. "मग बाबांनी डावा हात रुमालाने खुर्चीला बांधला. सहा महिने. जेवतानासुद्धा. सुटली सवय." कुणी दाढ काढल्याचं सांगावं तसं त्याने सांगितलं.

"त्याच्या चांगल्यासाठीच," थोरले डॉक्टर म्हणाले. "याला सर्जन करायचं होतं. सगळी अवजारं उजव्या हाताची असतात."

"हे तुम्ही बनवलंय," चाचणीबाई म्हणाल्या. "याची चावी दोन्ही बाजूंनी फिरते." मग त्या मुलाकडे वळल्या. "डॉक्टर, टेबलाच्या पलीकडे जा. चावी डाव्या हातात घ्या."

मुलाने वडिलांकडे पाहिलं. तो पलीकडे गेला.

चौथा प्रयत्न. नळी आत गेली, चावी फिरली. पंप ठोके देत राहिला आणि फरशी कोरडी राहिली.

पाचवा. या वेळी त्याने फार वेळही घेतला नाही. थोरल्या डॉक्टरांनी चष्मा वर करून अस्तर पाहिलं, चष्मा खाली करून पुन्हा पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या विसांत इतकं सरळ एकही बसलं नव्हतं. त्या खोलीत हे फक्त त्यांनाच कळत होतं.

"पास," चाचणीबाई म्हणाल्या. "अभिनंदन, साहेब. अकरा वर्षांचं चीज झालं."

थोरल्या डॉक्टरांनी भोकाखालून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. मुलगा अजून पलीकडेच उभा होता, डावा हात चावीवर तसाच ठेवून, कुणीतरी तो खाली घ्यायला सांगेल याची वाट बघत. वडील बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी तक्ता मागितला.

तक्त्यावर खाडाखोड चालत नसे. चाचणीबाईंनी ती चालवून घेतली. थोरल्या डॉक्टरांनी 'वापरणारा' पुढची खूण खोडली आणि 'इतर'वर केली. तिथे तपशिलासाठी एक बारीक रेघ होती. त्या रेघेवर त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: वडील.