चुगलखोर दोऱ्या

धावत्या मालगाडीच्या टपावर चढून ब्रेकची चाकं आवळायची, हे आमचं काम. ठेंगणा पूल यायच्या आधी रुळांवरच्या आडव्या दांडीला दोऱ्या लोंबत असायच्या. त्या अंगाला लागल्या की मुकाट पालथं पडायचं, नाहीतर पूल मुंडकं घेऊन जायचा. आम्ही त्यांना ‘चुगलखोर’ म्हणायचो. पुलाची चुगली आधीच करायच्या ना!

त्या दुपारी हॉलिसच्या उतारावर मी इंजिनाकडे पाठ करून चाक आवळत होतो. धुरानं पुढचं-मागचं काही दिसत नव्हतं. एकदम मानेवर दोऱ्या सपकन बसल्या, टोपी उडाली. मी अंग टाकलं आणि पुलाचं लोखंड पाठीवरून वीतभर उंचीनं गेलं.

गाडी थांबल्यावर खाली उतरलो आणि वेड्यासारखा हसत सुटलो.

“आज चुगलखोरांनी वाचवलं, ओरिन!” मी आमच्या गार्डला म्हणालो.

ओरिन माझ्याकडे बघतच राहिला. “लंबू, तुला कुणी बोललं नाही? परवाच्या वादळात दांडीसकट गेले ते. नवे दोर हे काय, माझ्या डब्यात खोक्यात बंद पडलेत.”

“मग मला लागलं काय?”

“काय का असेना! जिवंत आहेस ना? कॉफी पी.”

खरं होतं. मुंडकं जागेवर होतं, कॉफी गरम होती. बायकोनं, हॅनानं विणलेली लाल टोपी हरवली, घरी काय सांगायचं, एवढीच काळजी उरली.

नवे दोर काढायला ओरिननं पहारीनं खोक्याचे खिळे उचकटले, फळी उचलली.

कोऱ्या दोरांच्या वेटोळ्यात माझी टोपी होती.