बाप्तिस्म्याचं डुक्कर

काळी चिकटपट्टी. कपाटात घडी करून ठेवलेला इवलासा पांढरा झगा. डुकराच्या कानात पेटलेला लाल दिवा.

जनावरांच्या कानांत दिवे बसवल्यापासून वाडीत काही लपत नव्हतं. ई-कावीळ रक्तात शिरली की दिवसाभरात दिवा लाल व्हायचा आणि सरकारी गाडी येऊन ते जनावर उचलून न्यायची. कच्च्या दुधा-मांसातून माणसालाही ती व्हायची, गरोदर बाईच्या तर जिवावर उठायची. पण हे डुक्कर इनासने होणाऱ्या नातवंडाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी वाढवलं होतं. त्याने दिव्यावर पट्टी चिकटवली आणि तोंड मिटून घेतलं.

लेक सिंथिया आज बाळंतपणाला माहेरी आली होती. संध्याकाळी त्याची बायको रेमेतने अंगणातच शेळीची धार काढली आणि पेला लेकीपुढे धरला.

"आणखी नको गं, मम्मी."

"धारोष्ण दुधाला नाही म्हणतेस? पिशवीतलं पिऊन जीभ बिघडलीय तुझी!"

सिंथियाने हसत पेला ओठांशी नेला. इनासचं लक्ष शेळीकडे गेलं. ती डुकराच्याच कुंडीत तोंड घालायची. तिच्या कानात लाल ठिणगी लुकलुकली आणि दिवा लख्ख पेटला.

इनासने धाव घेऊन पेला उडवला. दूध सिंथियाच्या पोटावर सांडलं.

"डोकं फिरलं का तुमचं?" रेमेत ओरडली.

इनास डुकराकडे धावला. त्याने डुकराच्या कानावरची पट्टी ओरबाडून काढली. लाल उजेडात मायलेकी त्याच्याकडे बघत राहिल्या.

पहिला पेला सिंथिया सकाळी, आल्या आल्याच प्यायली होती.