इटलीच्या स्लाइड्स

"तो पिसाचा मनोरा नव्हे, फ्लॉरेन्सचा आहे," अंधारातून सुनेत्रा म्हणाली, आणि अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेली मंडळी हसली.

गिरीश कंपनीच्या कामासाठी महिनाभर इटलीत राहून आला होता. मग काय, रिवाजाप्रमाणे शनिवारी सगळ्यांना स्लाइड्स बघायला बोलावणं. भिंतीवर पांढरी चादर, टेबलावर प्रोजेक्टर, किचनमध्ये ज्याने त्याने घरून आणलेले पॉटलकचे डबे, आणि बेसमेंटमध्ये पोरांचा धुडगूस. प्रोजेक्टरचं बटण त्याच्या बायकोच्या, सुनेत्राच्या हातात होतं. बाई इटलीला गेलेली नाही, पण लायब्ररीतली पुस्तकं वाचून वाचून तिला सगळं तोंडपाठ! "आपल्या उत्तराची शाळा बुडवून तुम्हा दोघींना कसं नेऊ?" असं नवरा म्हणाला तेव्हा तिने ते मानलं होतं. जाऊ दे, पुढच्या वेळी. तेवढ्यावरून रुसून बसणारी ती नव्हती.

गिरीश मात्र भलताच रंगात आला होता. "अहो, अगदी आपलं गिरगाव! बाया बाल्कनीतून ओरडतायत, या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या, त्यांवर कपडे. दुपारी दुकानं बंद, पुणेकरांना लाजवतील. आणि कॉफी प्यायची ती उभ्याने. बसलात तर जास्त पैसे!"

"बसायचे पैसे? चोर लेकाचे!" पुरुषोत्तमकाका म्हणाले. हे गिरीशच्या मित्राचे, नरेंद्रचे वडील. मुलाकडे चार महिने राहायला नाशिकहून आलेले, कानांनी जरा कमी.

"अरे, ते हॉटेलवाल्याचं सांग ना, यार," नरेंद्र म्हणाला.

"हां, हां! तिकडे हॉटेलात शिरलं की आधी पासपोर्ट काउंटरवर ठेवून घेतात. तर तो म्हातारा एकदा माझ्या पासपोर्टकडे बघतो, एकदा तोंडाकडे. परत पासपोर्ट, परत तोंड. मग पाचही बोटं अशी जुळवून हलवतो आणि म्हणतो, 'अमेरिकानो? यू?'"

हॉल खो खो हसला. ऑफिसात सांगून सांगून घोटलेली गोष्ट, हमखास हशा घेणारी. मागे अंधारात बायको बसलीय, हे गडी साफ विसरला.

सुनेत्राही आधी हसली. मग तिच्या डोक्यात शिरलं. अमेरिकानो?

लग्न होऊन इकडे येतानाच दोघांचं ठरलं होतं. भारताचा पासपोर्ट सोडायचा नाही, आणि पोरगी पाचवीत गेली की चंबूगबाळं आवरून पुण्याला परत जायचं. मैत्रिणींनी एकेक करून इथल्या नागरिकत्वाच्या शपथा घेतल्या, तेव्हा "आम्ही नाही बाई घेणार," असं तिने सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. उत्तरा आता चौथीत होती.

"गिरीश, तू पासपोर्ट न्यूयॉर्कला आपल्या कॉन्सुलेटमध्ये रिन्यूअलला दिला होतास ना?" तिने विचारलं.

गिरीश चादरीची सुरकुती नीट करू लागला. आता आपणच सांभाळून घ्यावं असं नरेंद्रला वाटलं, आणि बिचाऱ्याने होतं नव्हतं ते सगळं सांडून ठेवलं.

"वहिनी, रागावू नका हो. त्या दिवशी तुमच्या धपाट्यांनीच आम्हाला तारलं. ट्रेंटनच्या कोर्टात सकाळपासून ताटकळतोय, शपथ व्हायला दुपार झाली. मग दोघांनी मिळून खाल्ले बाहेरच्या पायऱ्यांवर बसून."

धपाटे! कॉन्सुलेटमध्ये ही मोठी लाइन असते, उपाशी राहील, म्हणून ती पहाटे उठून थापत बसली होती. वर लसणाची चटणीही दिली होती वेगळी बांधून. फसवलं ते फसवलं, आणि डबासुद्धा माझ्याकडूनच करून घेतला मेल्याने! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिने हॉलभर नजर फिरवली. तिच्या मैत्रिणींपैकी वीणाने मान खाली घातली होती. शरयू चष्मा पुसत होती. नवल कुणालाच वाटलेलं दिसत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ही सगळी तिच्या घरी येऊन जेवून जात होती.

"सुनेत्रा, नेक्स्ट लाव," गिरीश हळूच म्हणाला. "आपण नंतर बोलू."

तिने बटण दाबलं. चादरीवर रोमचं ते मोठं कारंजं आलं. त्याच्यासमोर गिरीश. कॅमेऱ्याकडे तोंड, डोळे मिटलेले, उजवा हात खांद्यावरून मागे.

"हे काय करतोय हा?" पुरुषोत्तमकाकांनी विचारलं. मघापासून काय झालं ते त्यांना एकट्यालाच कळलेलं नव्हतं.

सुनेत्रानेच जरा मोठ्याने सांगितलं, "पाण्यात नाणं टाकतोय, काका. टाकलं की माणूस तिथे परत जातो म्हणतात."

"बघा! आम्ही गोदेत टाकतो तसंच की."

"नाही हो, काका. आपण नदीकडे तोंड करून टाकतो, हात जोडून. हे लोक पाठ फिरवून टाकतात."

यावर कुणी हसलं नाही. "नेक्स्ट लाव ना," गिरीश परत म्हणाला.

सुनेत्राने बटण टेबलावर ठेवून दिलं आणि ती किचनमध्ये निघून गेली. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला. आणि चादरीवर गिरीश, डोळे मिटून, हसत राहिला.